सनस्क्रीनचा एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) १०० म्हणजे ५०च्या दुप्पट संरक्षण? नाही!
गोऱ्या, नाजूक त्वचेच्या मुलाला एसपीएफ १०० एकदा चोपडलं की दिवसभराची काळजी मिटली, असं अजूनही सांगितलं जातं. प्रत्यक्षात एसपीएफ ३० उन्हातल्या, त्वचा भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ आणि १०० सुमारे ९९. खरी गफलत होते ती मात्रेत. एसपीएफचा आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देऊन मोजतात. घरी बहुतेकदा त्याच्या निम्माही लागत नाही. कान आणि मानेची मागची बाजू तर हमखास राहते. झिंक ऑक्साइडचं, बिनवासाचं, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ (यूव्हीबीसोबत यूव्हीए किरणही अडवणारं) लिहिलेलं ३० ते ५०चं क्रीम घ्या. पांढरट दिसतं, दिसू दे. दर २ तासांनी आणि पोहून अंग पुसल्यावर पुन्हा लावा. ६ महिन्यांखालच्या बाळाला मात्र सावली, टोपी आणि पूर्ण बाह्यांचं सुती झबलं.