विहिरीतला विळा आणि 'अ समरी'

विहिरीचा गाळ उपसताना विळा निघाला आणि मुनीमजींच्या जुन्या, कधीच न उलगडलेल्या खुनाची चर्चा परत सुरू झाली. विळा गंजून पापुद्र्यांवर आलेला, मूठ कधीच कुजून गेलेली. ज्या मळ्यात दर हंगामाला चार-दोन विळे हरवतात, तिथल्या विहिरीत एखादा सापडला तर त्यात नवल काही नाही. पण दिवेलागणीपर्यंत बसस्टँडसमोरच्या टपरीवर तो विळा कोणाच्या घरचा, हेही ठरून गेले होते.

खून कुठे झाला, कसा झाला, हे नंदुरबार जिल्ह्यातल्या, तापीच्या उत्तरेकडच्या वाचकाला नव्याने सांगायला नको. गावाचे आणि माणसांचे नाव इथे घेत नाही, कारण ज्या तीन घरांकडे बोट दाखवले जाते ती तिन्ही घरे अजून नांदती आहेत. सांगायचे आहे ते वेगळे. एवढ्या वर्षांत गावाने या खुनाला किती कारणे दिली, आणि कोर्टाच्या कागदावरचा एक शब्द सगळ्यांनी कसा चुकीचा वाचला.

गावात काही घडले की पहिली खबर पाटलाला द्यायची, ही इथली जुनी रीत. वंशपरंपरेची पाटीलकी साठच्या दशकात गेली आणि १९६७ च्या कायद्याने पोलीस पाटील नेमला जाऊ लागला, तरी वाट तीच राहिली. प्रेत पहिल्यांदा पाहिले ते मळ्यातल्या सालदाराने, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याने. तो धावत पोलीस पाटलाकडे आला, पाटील त्याला घेऊन ठाण्यात गेला आणि फिर्याद सालदाराच्या नावाने लिहिली गेली, अंगठ्यावर. ही बारीकशी गोष्ट पुढे फार महाग पडली.

पहिला संशय त्याच्यावरच गेला. पाड्यावरचा माणूस, प्रेताजवळ पहिला पोचलेला, मागे बोलायला कोणी नाही. काही दिवस त्याला 'चौकशीला' बसवून ठेवले. हाती काही लागले नाही म्हणून सोडले. आजच्या चर्चेत हा भाग कोणीच काढत नाही, जणू तपास थेट मोठ्या घरांपासून सुरू झाला होता.

दुसरे कारण कापसाचे. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी केंद्रावरच घालायचा, पैसे हप्त्याहप्त्याने. पलीकडे, मध्य प्रदेशात खेतियाला भाव चढा असला की रात्री गाड्या सीमा ओलांडत. मुनीमजी ज्या पेढीचे हिशेब लिहीत त्या पेढीच्या गाड्याही जात, असे तेव्हाही बोलले जाई. हिशेब लिहिणाऱ्याला सगळे ठाऊक असते, म्हणून त्याचा काटा काढला, असा हा तर्क. मला विचाराल तर सगळ्या तर्कांत हाच त्या काळाला धरून आहे. पण धरून असणे म्हणजे पुरावा नव्हे.

पुढे ठिकठिकाणी पतसंस्था बुडाल्या, ठेवीदार रस्त्यावर आले, आणि खुनाचे कारणही बदलले. आता मुनीमजी कर्जाच्या भानगडीत मारले गेले होते. ज्या पतसंस्थेचे नाव यात घेतात ती खुनानंतर कित्येक वर्षांनी निघाली, हे एकदा टपरीवर बोललो तर लोक माझ्याकडेच संशयाने पाहू लागले. नंतर तापीवर सारंगखेड्याला आणि प्रकाशाला बॅरेज झाले, पाणी अडले, जमिनीला भाव आला. मग खून वाटणीवरून झाला असे निघाले. ज्या कोरडवाहू तुकड्याकडे तेव्हा कोणी ढुंकून पाहत नव्हते, त्याच्यासाठी. जी गोष्ट गावाला त्या-त्या वेळी डाचत असते, तेच या खुनाचे कारण होत आले आहे. एक वाक्य मात्र कधी बदलले नाही: "सम्दास्ले माहीत शे, सांगस कोन?"

खरे तर सांगायला बरेच जण तयार असतात. पाहिलेले कोणी नसते. साक्षीदाराने स्वतः पाहिले किंवा स्वतः ऐकले तेवढेच कोर्टात चालते. दुसऱ्याने सांगितलेले चालत नाही. पोलिसांपुढचा कबुलीजबाबही चालत नाही. चालते ते एवढेच, की आरोपीने सांगितले म्हणून एखादी वस्तू सापडली. गाळात आपोआप निघालेल्या विळ्याचे वजन त्यामुळे लोखंडाच्या भावाएवढेच.

आता त्या शब्दाकडे. मी तेव्हा तालुक्याच्या कोर्टाबाहेर अर्ज लिहायला बसत असे, म्हणून हा कागद डोळ्यांनी पाहिला आहे. निकालपत्र वगैरे काही नव्हते. पोलिसांच्या अहवालावर एका ओळीचा हुकूम होता: 'अ समरी मंजूर'. गावात बातमी पसरली ती 'फाईल बंद' अशी. कोणी म्हणाले कोर्टाने सोडून दिले, कोणी म्हणाले ब समरी झाली. एका शिकलेल्या गृहस्थांनी तर समरी म्हणजे सारांश, तेव्हा कोर्टाने फक्त सारांश लिहून घेतला आणि निकाल राखून ठेवला, असा अर्थ लावला होता.

गंमत अशी की फौजदारी प्रक्रिया संहितेत या अर्थाने हा शब्दच नाही. तो आपल्याकडच्या पोलीस नियमावलीतून आला. अ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण करणारा सापडला नाही किंवा त्याच्यावर खटला भरण्याइतका पुरावा नाही. ब समरी म्हणजे फिर्याद खोटी, खोडसाळपणे केलेली. क समरी म्हणजे फिर्याद खरीही नाही आणि मुद्दाम खोटीही नाही, गैरसमजातून झालेली किंवा प्रकरण मुळात दिवाणी. अ आणि ब मध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब लागली तर फिर्यादीवरच उलटू शकते. अ म्हणजे सरकारने लिहून दिलेली कबुली, की खून झाला आणि आम्हाला खुनी सापडला नाही. त्यात कोणी सुटत नाही, कारण आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभाच नसतो. खुनाच्या गुन्ह्याला मुदतीचे बंधन नाही. नवा पुरावा आला तर पुढचा तपास करून पूरक अहवाल देता येतो. १९७३ च्या संहितेत ती सोय कलम १७३ च्या आठव्या पोटकलमात होती. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू झाला, त्यातही ती आहे.

म्हणजे फाईल दाबली म्हणणारे चूक, हे मी मान्य करतो. पण मुनीमजींच्या पत्नीला न विचारता समरी मंजूर झाली म्हणणारे चूक नाहीत, आणि माझे मन तिथेच अडकते.

१९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पोलिसांचा असा अहवाल मान्य करण्याआधी मॅजिस्ट्रेटने फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. चांगला निकाल. पण त्याच निकालात असेही आहे की मयताच्या नातेवाइकाला, तो स्वतः फिर्यादी नसेल तर, नोटीस मिळण्याचा हक्क नाही. तो आपणहून हजर झाला तर त्याचे ऐकावे, मॅजिस्ट्रेटला वाटले तर नोटीसही द्यावी. पण तारीख कळली तर माणूस हजर होणार ना. इथे फिर्यादी होता सालदार. सालदाराचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, संपते. त्या आखाजीला त्याला कोणी परत ठेवून घेतले नाही, आणि पुढे तो ऊसतोडीला गुजरातेत गेला. नोटीस मळ्याच्या पत्त्यावर गेली आणि 'मिळून आला नाही' असा शेरा घेऊन परत आली. मुनीमजींची पत्नी तिथून तीन गल्ल्या पलीकडे राहत होती. समरी मंजूर झाल्याचे त्यांना बऱ्याच वर्षांनी कळले, तेही विधवा पेन्शनच्या कागदांसाठी गेल्या असताना. नियमाने सगळे बरोबर होते. मॅजिस्ट्रेटला वाटले असते तर एक नोटीस त्यांनाही निघाली असती. त्यांना तसे वाटले नाही.

२००९ च्या दुरुस्तीने संहितेत पीडित व्यक्तीची व्याख्या आली आणि तीत कायदेशीर वारसही धरले गेले. नव्या कायद्यात तपास कुठवर आला हे फिर्यादीला किंवा पीडिताला ९० दिवसांत कळवावे, असे आहे. बाई हे पाहायला राहिल्या नाहीत.

मधल्या काळात १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. 'वाटणीत फाईल गहाळ केली' हा आणखी एक तर्क तेव्हापासून चालतो. जिल्हा फुटला की दप्तरे गाड्यांत भरून इकडून तिकडे जातात, त्यात गठ्ठे खालीवर होतात. त्यासाठी कोणी कट करायची गरज नसते.

विळ्याचा पंचनामा झाला. मुनीमजींच्या पुतण्याने आता जुन्या कागदांच्या नकलेसाठी अर्ज करायचे ठरवले आहे आणि तो लिहून घ्यायला माझ्याकडे आला होता. गुन्हा नंबर त्याच्याकडे नाही. मी म्हटले, निदान फिर्यादीचे नाव आण, रजिस्टरात शोधायला सोपे जाईल. दोन दिवस त्याने गावात विचारले. खुनी कोण, हे सगळ्यांनी सांगितले. सालदाराचे नाव मात्र कोणालाच आठवले नाही.