खुब्याच्या सांधारोपणानंतरची हालचाल व पुनर्वसन

खुब्याचा झिजलेला अथवा मोडलेला सांधा काढून तेथे कृत्रिम उखळी व गोलक बसविल्यावर रुग्णाने क्रमाने करावयाच्या हालचाली, व्यायाम आणि पाळावयाची बंधने.

कृत्रिम खुब्याच्या आद्यत्वाबद्दल एकमत नाही. जर्मन शल्यचिकित्सक टेमिस्टोक्लेस ग्लुक यांनी १८९१ च्या सुमारास बर्लिनमध्ये हस्तिदंती गोलक बसविल्याचे उल्लेख मिळतात. फिलिप वाइल्स यांनी १९३८ मध्ये लंडन येथे उखळी व गोलक दोन्ही पोलादाचे वापरले. तथापि टिकाऊ सांध्याचा आरंभ ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांच्यापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांच्या टेफ्लॉनच्या उखळ्या थोड्याच वर्षांत झिजल्या. १९६२ च्या अखेरीस त्यांनी अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन हे चिवट प्लास्टिक स्वीकारले व त्यात सुमारे २२ मिमी. व्यासाचा धातुगोलक फिरता ठेवला. लहान गोलकाने घर्षण घटते. मात्र तो उखळीच्या काठावरून लवकर निसटतो. हल्ली ३२ किंवा ३६ मिमी.चे गोलक सर्रास वापरले जातात आणि बंधने सैलावण्यामागे हेही एक कारण मानले जाते.

बंधने शस्त्रक्रियेच्या मार्गावर ठरतात. सांधा मागून उघडला असल्यास खुबा ९०° पेक्षा अधिक वाकविणे, पाय मध्यरेषेपलीकडे नेणे व आत वळविणे टाळतात. ही तिन्ही एकत्र आली की सांधा निखळण्याचा धोका सर्वाधिक असतो. बुटक्या आसनावर बसून, गुडघे जुळवून पादत्राण चढविताना नेमके तेच घडते. शस्त्रक्रिया झालेले पाऊल जमिनीवर रोवून त्याच बाजूला अंग वळविल्यासही खुबा आत वळतो, म्हणून वळताना लहान पावले टाकावीत. पुढून उघडलेल्या सांध्यात उलट पाय मागे ताणून बाहेर वळविणे घातक. मुदत सहसा ६ ते १२ आठवडे सांगतात. सरसकट बंधने घालू नयेत असाही अलीकडचा पक्ष आहे; तो पटण्याजोगा असला, तरी आधी निखळलेल्या किंवा दुरुस्तीसाठी पुन्हा उघडलेल्या सांध्याला तो लागू करू नये.

पहिल्या दिवसापासून घोटे वरखाली करणे, मांडीचे व नितंबाचे स्नायू आवळून सोडणे आणि टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकविणे हे व्यायाम करवितात. वॉकरच्या आधाराने उभे राहणेही बहुधा त्याच वा दुसऱ्या दिवशी होते. सिमेंटने (हाडात सांधा पक्का करणाऱ्या वैद्यकीय लुकणाने) बसविलेल्या सांध्यावर लगेच पूर्ण भार देता येतो. सिमेंटविरहित सांध्यात हाड पृष्ठभागात रुजावे लागते. पूर्वी त्यासाठी सुमारे ६ आठवडे अर्धवट भार देत, आता पकड घट्ट असल्यास तसे क्वचितच करतात.

साध्या चालण्यात सांध्यावर शरीरभाराच्या सुमारे अडीच पट बल येते, अडखळल्यास ते सात-आठ पटींपर्यंत जाऊ शकते. म्हणून चालण्यापेक्षा सैल चटई व ओली फरशी यांचे भय अधिक. या बलाचा मोठा वाटा श्रोणी (कमरेचा हाडांचा कडा) समतल धरणाऱ्या, खुब्याच्या बाहेरील बाजूच्या स्नायूंचा असतो. ते दुबळे राहिले की त्या पायावर उभे राहताच दुसऱ्या बाजूची कंबर खाली झुकते व लंगडणे उरते. वेदना गेली म्हणून व्यायाम सोडणाऱ्यांत हे विशेष आढळते. काठी शस्त्रक्रिया झालेल्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी: तेथून तरफेची भुजा लांब मिळते आणि थोड्या दाबानेही या स्नायूंचे काम बरेच हलके होते. त्याच बाजूला धरणे ही नेहमीची चूक. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी व शस्त्रक्रियेचा पाय आधी.

चालणे, उंच आसनाची स्थिर सायकल व जखम भरल्यावर पोहणे हे पुढील काळातले सुरक्षित व्यायाम. धावणे व उड्या यांबाबत शल्यचिकित्सकांत मतभेद आहेत. पॉलिएथिलीनच्या झिजेतून सुटणाऱ्या कणांमुळे सभोवतीचे हाड विरघळून सांधा सैल होतो, हा आक्षेपाचा आधार.

पोटरी दुखून सुजणे, अचानक धाप लागणे, जखमेतून स्राव, किंवा पाय एकाएकी आखूड होऊन वळलेला दिसणे, यांपैकी काहीही झाल्यास व्यायाम थांबवून तातडीने तपासणी करावी.