कोरियन म्हणून कोणाला मोजायचे? पार्श्वभूमी एका नोंदवहीची

दक्षिण कोरियात ५ कोटी १७ लाख, उत्तर कोरियात २ कोटी ६० लाखांच्या आसपास आणि द्वीपकल्पाबाहेर सुमारे ७० लाख, अशी कोरियन लोकसंख्येची बेरीज सहसा मांडली जाते. घोळ तिसऱ्या आकड्यात आहे. त्यात कोणाला धरायचे हे ठरवताना वंश आणि भाषा यांचा आधार घेतल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्षात निर्णय झाला तो कुटुंब-नोंदवहीवर, म्हणजे कोण कोणत्या घरातले हे टिपणाऱ्या सरकारी वहीवर.

उगमाची कथा थोडक्यात आटोपता येते. इ.स.पू. २३३३ मध्ये दानगुन या पुराणपुरुषाने पहिले राज्य स्थापले, ही कथा आज आपल्याला तेराव्या शतकातल्या ग्रंथात सापडते. तरी दक्षिणेने १९४८ ते १९६१ या काळात सरकारी कागदांवर त्याच सनापासून वर्षे मोजली, आणि उत्तरेने १९९३ मध्ये प्योंगयांगजवळ त्याची कबर सापडल्याचेच जाहीर करून टाकले. द्वीपकल्पात खितान, जुरचेन आणि चिनी लोक येऊन मिसळल्याच्या नोंदी आहेत. जेजू बेटावर तर बराच काळ स्वतंत्र राज्य होते. ‘एकच रक्त, एकच लोक’ ही कल्पना खरी रुजली ती विसाव्या शतकात, परकी सत्तेला उत्तर म्हणून. भाषेचेही तसेच. तुर्की-मंगोल भाषांशी तिचे जोडलेले नाते आता फारसे कोणी मानत नाही. जेजूची बोली धरून हे एक वेगळे, छोटे भाषाकुटुंब समजले जाते. लिपी १४४६ ची, हे सर्वांना ठाऊक आहे.

स्थलांतर १८६० च्या दशकात सुरू झाले. उत्तरेकडच्या हामग्योंग प्रांतात दुष्काळ पडला की शेतकरी सीमेवरची तुमेन नदी ओलांडून रशियाच्या किंवा मांचुरियाच्या हद्दीत जात. १९०३ मध्ये शंभरेक माणसांची पहिली तुकडी हवाईच्या उसाच्या मळ्यांवर पोचली. १९१० मध्ये देश जपानी साम्राज्यात विलीन केला गेला. पुढे जेजूहून थेट ओसाकाला बोट जाऊ लागली आणि तिथल्या कारखान्यांत बेटावरची माणसे भरली. १९३९ पासून खाणींसाठी भरती झाली. तिला भरती म्हणणे सौम्यच आहे.

इथेच नोंदवही येते. साम्राज्याच्या दृष्टीने सगळे कोरियन जपानी प्रजाजन होते, पण त्यांची कुटुंब-नोंद वेगळ्या वहीत असे. विवाह किंवा दत्तकविधान सोडले तर ती जपानातल्या वहीत हलवता येत नसे. १९४० मध्ये जपानी धाटणीची कुलनावे घ्यायला सहा महिन्यांची मुदत मिळाली आणि ८० टक्क्यांच्या आसपास कुटुंबांनी ती नोंदवली. नाव बदलले, वही तीच राहिली. या तपशिलाकडे फार कमी लिहिणाऱ्यांचे लक्ष जाते.

युद्ध संपले तेव्हा जपानात सुमारे २० लाख कोरियन होते. बहुतेक परतले, सहा लाखांच्या आसपास मागे राहिले. डिसेंबर १९४५ मध्ये जपानी नोंदवहीत नसणाऱ्यांचा मताधिकार स्थगित झाला. २ मे १९४७ रोजी, म्हणजे नवी राज्यघटना लागू होण्याच्या आदल्या दिवशी, आदेश निघाला की या लोकांना ‘तूर्त परदेशी समजावे’. कायद्याने ते अजून जपानी नागरिकच होते! नोंदणीपत्रावर राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात ‘जोसेन’ लिहिले गेले. त्या नावाचे राष्ट्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. तो फक्त प्रदेशाचा उल्लेख होता. १९५० पासून मागणी केल्यास तिथे दक्षिणेचे नाव लिहून मिळू लागले.

निर्णायक घाव १९५२ चा. महायुद्धानंतरचा जपानचा शांतता करार २८ एप्रिलला अमलात यायचा होता. नऊ दिवस आधी न्याय खात्यातून परिपत्रक निघाले : कोरियन वहीत नोंद असलेल्या सर्वांचे जपानी राष्ट्रीयत्व त्या दिवशी संपेल. संसदेने कायदा केला नाही, कोणाला विचारले नाही. कोरियन माणसाशी लग्न करून त्याच्या वहीत गेलेली जपानी स्त्री एका सकाळी परदेशी झाली. उलट, जपानी घरात सून म्हणून आलेली कोरियन स्त्री जपानी राहिली. दोनच दिवसांनी युद्धात जखमी झालेल्यांसाठी आणि मृतांच्या वारसांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा आला आणि जपानी सैन्यात हातपाय गमावलेले कोरियन त्यातून वगळले गेले. युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा झालेल्या कोरियनांनी मग आम्ही आता जपानी नाही, आम्हाला सोडा, असा अर्ज केला. न्यायालय म्हणाले, शिक्षा झाली तेव्हा तुम्ही जपानी होता. पेन्शनला परके, तुरुंगाला आपले.

समर्थनाची बाजू अशी की प्रदेश वेगळा झाला की त्याची माणसेही आपोआप वेगळी होतात. ती अगदीच टाकाऊ नाही. मायदेशातल्या कोरियनांनाही स्वतंत्र राष्ट्राचे नागरिक व्हायचे होतेच. पण ऑस्ट्रियाही जर्मनीत विलीन होऊन युद्धानंतर असाच वेगळा झाला होता, आणि पश्चिम जर्मनीने १९५६ मध्ये आपल्याकडे राहणाऱ्या ऑस्ट्रियनांना जर्मन राष्ट्रीयत्व परत घेण्याची मुभा दिली. म्हणजे निवड देणे शक्य होते.

पुढचे सगळे याच निर्णयाची डागडुजी आहे. १९५९ पासून जपानमधल्या निगाताच्या बंदरातून ९३ हजार माणसे उत्तरेकडे गेली. त्यातल्या बहुतेकांचे मूळ गाव दक्षिणेत होते. जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या १९६५ च्या करारात दक्षिणेचे नागरिकत्व घेणाऱ्यांना कायम निवासाचा हक्क मिळाला, ‘जोसेन’वाल्यांना नाही. दोघांना एकच दर्जा मिळायला १९९१ उजाडले आणि परदेशी म्हणून नोंदणी करताना त्यांचे बोटांचे ठसे घेणे बंद झाले ते १९९३ मध्ये.

सोलचा हिशेबही निर्मळ नाही. १९९९ चा परदेशस्थ कोरियनांसाठीचा कायदा १९४८ नंतर देश सोडलेल्यांनाच गृहीत धरत होता. चीनमधले सुमारे १९ लाख त्यामुळे बाहेर पडले. १९३७ मध्ये सोव्हिएत सत्तेने अतिपूर्वेतून मालगाड्यांत भरून मध्य आशियात नेऊन टाकलेल्या १ लाख ७२ हजारांचे वंशजही. अमेरिकेतल्या डॉक्टराला दार उघडे, उझबेकिस्तानातल्या मजुराला बंद. २००१ मध्ये घटना न्यायालयाने हा भेद फेटाळला, २००४ मध्ये दुरुस्ती झाली. तरी चौथ्या पिढीची मुले सज्ञान झाली की त्यांना देश सोडावा लागे. तो नियम २०१९ मध्ये गेला. दक्षिणेचा जननदर घसरतच होता (२०२३ मध्ये तो दर स्त्रीमागे ०.७२ मुलांवर उतरला), त्यामुळे कामगार हवेच होते.

जपानात रकान्यात अजूनही ‘जोसेन’ असलेले पंचवीस हजारांच्या आसपास आहेत. त्यांना सोलला जायचे तर दर खेपेला प्रवासपत्र मागावे लागते. २००८ नंतर ते नाकारले जाण्याचे प्रमाण वाढले, २०१७ पासून पुन्हा मिळू लागले.