पार्श्वभूमी : एम्युलेटरवरचे चित्र आणि बेळगावचा पाल टीव्ही

एखादा एम्युलेटर, म्हणजे जुन्या गेम-यंत्राची कॉम्प्युटरवर नक्कल करणारा प्रोग्रॅम, ‘अगदी मूळ यंत्रासारखा’ दिसतो असे म्हणताना, मूळ यंत्र कोणते हे आधी ठरवावे लागते. बेळगाव, निपाणी, खानापूर या पट्ट्यात तर ते आधी ठरवावेच लागते, कारण नव्वदच्या दशकात इथल्या घरांत आलेला ‘व्हिडिओ गेम’ बहुतेक वेळा अस्सल जपानी नव्हताच. खडे बाजारातल्या दुकानांत मिळायची ती १९८३ च्या फॅमिकॉम या जपानी गेम-यंत्राची नक्कल. सोबत ‘९९९९ इन १’ची कॅसेट आणि अँटेनाच्या जागी खुपसायची वायर.

१९९७ च्या आसपासचे एम्युलेटर चित्राच्या बाबतीत ढोबळ होते; तेव्हाच्या कॉम्प्युटरवर गेम पूर्ण वेगाने चालला तरी पुष्कळ होते. पुढे ठिपक्या-ठिपक्याची वेळ जुळवणारे एम्युलेटर आले. २०११ साली अशाच एका एम्युलेटरच्या कर्त्याने, फॅमिकॉमनंतरचे यंत्र सुपर फॅमिकॉम हुबेहूब उभे करायचे तर ३ गिगाहर्ट्‌झच्या घरातला प्रोसेसर हवा, अशी बाजू जाहीरपणे मांडली. रंगांचा वाद मात्र मिटण्यातला नाही. फॅमिकॉमची चित्र-चिप लाल, हिरवा, निळा असे वेगळे रंग बाहेर देतच नाही, सगळे रंग एकत्र मिसळलेला टीव्हीचा कॉम्पोझिट सिग्नल थेट सोडते. म्हणून एम्युलेटरमधला प्रत्येक रंगतक्ता कुणीतरी डोळ्यांनी पाहून किंवा मोजून ठरवलेला असतो.

सर्वाधिक घोळ आहे तो ‘रीजन’च्या, म्हणजे कोणत्या टीव्ही-पद्धतीचे यंत्र धरायचे या, पर्यायात. जपान-अमेरिकेतले, एनटीएससी या तिथल्या टीव्ही-पद्धतीचे यंत्र एका चित्रात २६२ ओळी मोजते आणि सेकंदाला सुमारे ६० चित्रे देते. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या टीव्हीला ३१२ ओळी आणि ५० चित्रे लागत. युरोपातल्या अधिकृत पाल यंत्रात प्रोसेसर थोडा हळू केला आणि दोन चित्रांमधला रिकामा काळ २० ओळींवरून ७० ओळींवर नेला. परिणामी नेमक्या वेळेवर बेतलेले कित्येक जपानी गेम त्यावर बिघडत. नक्कल करणाऱ्यांनी वेगळी वाट काढली. प्रोसेसरच्या एका ठोक्याला चित्राचे ३ ठिपके हे जपानी प्रमाण राखले, रिकामा काळ २० ओळींचाच ठेवला आणि जास्तीच्या ५० ओळी त्याच्या आधी नुसत्या जाऊ दिल्या. जपानी कॅसेट पाल टीव्हीवर न बदलता चालू लागली. हे अव्वल दर्जाचे काम होते, आणि त्याला द्यायला हवे तेवढे श्रेय आजही दिले जात नाही.

एम्युलेटरांत हा प्रकार एनटीएससी आणि पालच्या जोडीला तिसरा पर्याय म्हणून उशिरा आला, तोही १९९२ च्या एका रशियन नकलेच्या नावाने : डेंडी. नकली यंत्रासाठी वेगळी सोय कशाला, असा एक सूर असतो. तो पटणारा नाही. ज्या मुलुखात मुलांच्या हाती तेच यंत्र आले, तिथे मोजमाप त्याच्याशीच व्हायला हवे.

फरक नजरेत भरतो. गेमचा वेग चित्रांच्या संख्येवर चालत असल्याने ६० ऐवजी ५० झाले की धावणे आणि गाण्याची लय दोन्ही एक षष्ठांशाने मंदावतात. सूर मात्र जेमतेम एक टक्का उतरतो. मे महिन्याच्या सुट्टीत गल्लीतल्या टीव्हीवर ‘कॉन्ट्रा’ खेळलेल्याला एम्युलेटरवर तो घाईत पळतोय असे वाटते, ते यामुळेच. त्याची आठवण चुकलेली नाही. चित्राच्या २४० ओळी पालच्या २८८ दिसणाऱ्या ओळींत बसत, त्यामुळे वर-खाली काळे पट्टे राहत आणि गोल चंद्र आडवा चपटा दिसे. पालवर ठिपक्याची रुंदी उंचीच्या सुमारे १.३९ पट होती, एनटीएससीवर १.१४ पट. एनटीएससी टीव्हीच्या चौकटीआड दडणाऱ्या टोकाच्या ओळीही इथे उघड्या पडत, आणि स्क्रोल होताना तिथे अर्धवट ठोकळे लुकलुकत.

डिसेंबर २०२४ मध्ये पिक्चर ट्यूबचा किरण ओळीमागून ओळ कसा सरकतो याची नक्कल करणारा शेडर, म्हणजे तयार चित्रावर शेवटचा हात फिरवणारा छोटा प्रोग्रॅम, खुला झाला. त्याला सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी स्क्रीन, म्हणजे १२० हर्ट्‌झ तरी हवेत, २४० किंवा ४८० असतील तर उत्तम. साध्या ६० हर्ट्‌झच्या मोबाइलवर डेंडी पर्याय लावला, तर दर सहा वेळांत एक चित्र दोनदा दिसते आणि स्क्रोलला हिसके बसतात. रिफ्रेश रेट स्वतः बदलणाऱ्या स्क्रीनवर ही अडचण येत नाही. तिथे रीजन डेंडी, ठिपक्याचे प्रमाण पालचे आणि कडा कापण्याचा पर्याय बंद, एवढे केले की पुरते.