शिष्य घडवण्याची परंपरा : मंडळीच्या इतिहासात मागे वळून

शिष्यत्वाचे वर्ग, सेल ग्रुप (घरोघरी भरणारे लहान गट), नव्या विश्वासणाऱ्यामागे एक अनुभवी सोबती हे सगळे आजच्या मंडळ्यांत रुळले आहे. अनेकांना ते अलीकडचे वाटते. प्रत्यक्षात मंडळीने ते पुन्हा पुन्हा गमावले आणि पुन्हा पुन्हा शोधून काढले आहे.

सुरुवात अर्थातच प्रभू येशूपासून. त्याने बारा जणांना निवडले ते आधी स्वतःबरोबर राहण्यासाठी, मग पाठवण्यासाठी (मार्क ३:१४). मत्तयाच्या शेवटच्या अध्यायातली आज्ञाही तशीच आहे. बाप्तिस्मा द्या एवढ्यावर ती थांबत नाही. जे सांगितले ते पाळायला शिकवा, असे ती म्हणते. शिष्यत्वाचा सगळा इतिहास या ‘पाळण्या’भोवती फिरतो.

पहिल्या शतकांतल्या मंडळ्यांनी हे फार गांभीर्याने घेतले. रोममधल्या हिप्पोलित या मंडळीच्या पुढाऱ्याच्या नावाशी जोडल्या गेलेल्या नियमावलीत बाप्तिस्म्याआधी ३ वर्षे वचन ऐकण्याची तरतूद दिसते. त्याच नियमावलीत असेही आहे की कोणी मनापासून झटत असेल तर वर्षे मोजू नयेत, आचरण पाहावे. मूर्ती घडवणाऱ्याला किंवा ग्लॅडिएटर म्हणून आखाड्यात लढणाऱ्याला तो धंदा सोडावा लागे. बाप्तिस्म्याची वेळ आली की उमेदवाराला मंडळीत आणणाऱ्यांना विचारत : याने विधवांचा मान राखला का? आजाऱ्यांना भेटला का? याला किती वचने पाठ आहेत, हा पहिला प्रश्न नव्हता.

३१३ मध्ये रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला, ३८० मध्ये ख्रिस्ती विश्वास रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म झाला आणि लोकांची रीघ लागली. यरुशलेमेत सिरिलसारखे बिशप उपवासकाळात कसून शिकवत, पण पुढे तयारीचा काळ आखडत गेला. बालकांचा बाप्तिस्मा सर्वत्र रूढ झाल्यावर शिकवणे बाप्तिस्म्यानंतरवर ढकलले गेले आणि बहुतेक ठिकाणी राहूनच गेले. सखोल समर्पण मठांत गेले. बेनेडिक्ट या मठाधिपतीच्या नियमानुसार तिथे येणाऱ्याची सुमारे वर्षभर पारख होई. त्यामुळे सामान्य विश्वासणाऱ्याकडून फारशी अपेक्षाच उरली नाही. माझ्या मते हे त्या काळातले सर्वांत मोठे नुकसान.

जर्मनीच्या सॅक्सनी भागातल्या मंडळ्या पाहून आलेल्या धर्मसुधारक मार्टिन लूथरला लोकांचे अज्ञान असह्य झाले. १५२९ मध्ये त्याने लहान प्रश्नोत्तरी लिहिली, घरातल्या कर्त्याने मुलामाणसांना शिकवावी म्हणून. १६७० मध्ये फ्रँकफुर्टला फिलिप श्पेनर या लूथरन पाळकाने आपल्या घरी लहान बैठका सुरू केल्या.

मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचा प्रसंग. १७४२ मध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याच्या अनुयायांवर सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज होते. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी आणि साधारण बारा जणांमागे एकाने ती गोळा करावी, असे ठरले. पेनी मागायला घरोघर गेलेल्यांना कुणाचे दारूचे व्यसन कळले, कुणाच्या घरातली भांडणे दिसली. वेस्लीने यातली संधी ओळखली. हेच वसुली करणारे वर्गनायक, म्हणजे त्या बारा-बारा जणांच्या गटांचे प्रमुख, झाले आणि दर आठवड्याला प्रत्येकाच्या आत्मिक स्थितीची विचारपूस करू लागले. त्यातले बरेचसे साधे, पाळकपदाची दीक्षा न घेतलेले लोक होते.

विसाव्या शतकात डॉसन ट्रॉटमनने १९३३ पासून अमेरिकन नौसैनिकांमध्ये एकास एक पद्धतीने काम उभे केले. जर्मनीत दीत्रिख बोनहोफर फिन्केनवाल्डे इथे तरुण पाळकांना सामायिक जीवनात घडवत होता. १९३७ मध्ये गेस्टापोने (नाझी गुप्त पोलिसांनी) ते विद्यालय बंद केले. कॅथलिक चर्चने १९७२ मध्ये प्रौढांसाठी प्राचीन दीक्षाक्रम (बाप्तिस्म्याआधीची टप्प्याटप्प्याची तयारी) पुन्हा आणला.

याच परंपरेची एक दुखरी बाजूही सांगायलाच हवी. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या ‘शेफर्डिंग’ चळवळीत नोकरी, लग्न, पैसा यांचे निर्णयही वरच्या ‘मेंढपाळा’च्या, म्हणजे गटनेत्याच्या, संमतीने होऊ लागले. कित्येकांचे विश्वासजीवन त्यात होरपळले. पुढे तिच्या एका प्रमुख नेत्याने जाहीर माफी मागितली. विचारपूस आणि हुकमत यांतली सीमा तेव्हा पुसली गेली होती, आणि आजच्या कुठल्याही शिष्यत्व-गटाने ती आधी आखून घ्यावी.

२००७ मध्ये शिकागोजवळच्या विलो क्रीक मंडळीने स्वतःचीच पाहणी प्रसिद्ध केली. कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरची आणि शेजाऱ्यावरची प्रीती वाढतेच असे नाही, हे तिने उघडपणे मान्य केले. वाढीला सर्वाधिक हातभार लावणारी गोष्ट निघाली पवित्र शास्त्रावरचे वैयक्तिक मनन.