थरांचे अमूर्त तैलचित्रण (ठाणे–नवी मुंबई)

तैलरंगाचे पातळ थर चढवून, ते अर्धवट खरवडून किंवा टिपून चित्र घडवण्याची पद्धत. मराठी चित्रकारांपुढे तिचा मोठा दाखला वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचा. त्यांनी १९४८ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेची पदविका घेतली. सुरुवातीच्या आकृतिप्रधान कामावर भारतीय लघुचित्रांचा आणि स्विस-जर्मन चित्रकार पाउल क्लेचा प्रभाव होता. १९५० च्या दशकाअखेर आकृती मागे पडल्या. ब्रशपेक्षा रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग लावण्या-खरवडण्याची बोथट सुरी) हाती आले. ते चित्रे मोजकीच करत. त्यांच्या वाटेने जाणारे अनेकजण फक्त रंगछटा उचलतात, थर वाळेपर्यंत थांबत नाहीत. चित्र तिथेच फसते.

कॅनव्हासला जेसोचे (रंगाखालच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन-तीन हात देऊन दर हातानंतर २२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासतात. पहिल्या थरात रंग टर्पेंटाइनने पातळ करतात. मधल्या थरांना ३ भाग टर्पेंटाइन, १ भाग जवसाचे तेल. शेवटच्या थराला दोन्ही समसमान. हा क्रम उलटला, तर वरचा कमी तेलाचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि भेगा पडतात. थर चिकटसर असतानाच त्यावर फाटक्या कागदाचे तुकडे ठेवून रोलर फिरवतात आणि कागद उचलतात. रंग फार ओला असेल तर सगळाच निघून येतो. फार वाळला असेल तर कागदाचे तंतू अडकतात. बोटाला चिकटावा, पण डाग सोडू नये, ही योग्य वेळेची खूण.

खाडीकाठच्या दमट हवेत ही वेळ साधणे अवघड. जवसाचे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होते. पावसाळ्यात ते रेंगाळते. अंबर (मातकट तपकिरी रंग) लवकर वाळतो, अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) फार उशिरा; म्हणून जून ते सप्टेंबर खालच्या थरांत अंबर बरा. सुती कॅनव्हास ढिला पडला, तर चौकटीच्या कोपऱ्यांतल्या पाचरी हलक्या ठोकतात. तो भिंतीला टेकवू नये, मागे बुरशी धरते. खिडक्या बंद ठेवून टर्पेंटाइन वापरू नये. तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप पेटू शकतात. त्या पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात.