इंजिन धावतं, पण दिवा लागत नाही

मॉडेल रेल्वेच्या इंजिनात डीकोडर, म्हणजे रुळांवरून आलेले आदेश वाचून मोटर आणि दिवे चालवणारं छोटं सर्किट, बसवून झाला आणि वरचं कवच लावण्याआधी इंजिन रुळांवर ठेवलं. एचओ मापाचं, म्हणजे १:८७ प्रमाणातलं डिझेल इंजिन. धावलं छान, पण पुढे म्हटलं की मागे जायचं. आणि हेडलाइट लागेना, ना पुढचा ना मागचा.

दोन्ही दिवे एकदम गेले असतील तर आधी दिव्यांवर संशय घेऊ नये. दोघांना सामाईक काय आहे ते पाहावं, आणि ती असते निळी वायर. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनच्या रंगसंकेतात लाल आणि काळी वायर रुळांवरून वीज घेते, नारिंगी आणि करडी मोटरकडे जाते, पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या दिव्याची. निळी ही सगळ्या दिव्यांची धन बाजू. आपण कळ दाबतो तेव्हा डीकोडर पांढरी किंवा पिवळी वायर ऋण बाजूला जोडतो. निळी पोचलीच नाही, तर कळ कितीही दाबा.

माझ्या डीकोडरचा आठ पिनांचा प्लग इंजिनात उलटा बसला होता. चार-चार पिनांच्या दोन रांगा, त्यामुळे तो दोन्ही बाजूंनी सारखाच सहज बसतो. उलटा बसला की लाल-काळीची अदलाबदल होते. रुळांवरची वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलत असल्यामुळे तिचं काही बिघडत नाही. नारिंगी-करडी बदलतात, म्हणून मोटर उलटी फिरते. निळीच्या जागी मात्र हिरवी, म्हणजे एका जादा फंक्शनची (आणखी एखादा दिवा वगैरे चालवण्याची) वायर येते, आणि दिव्यांची धन वीज तुटते. ज्यांनी पिनांचा हा क्रम लावला त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं: प्लग उलटा बसला तरी काही जळत नाही, फक्त अंधार होतो. आता मी एक नंबरच्या पिनेशी, नारिंगी वायरच्या बाजूला, नेलपॉलिशचा बारीक ठिपका देतो.

पण हे कळण्याआधी मी उलटी दिशा सुधारायला गेलो होतो. डीकोडर आपल्या सेटिंग आकड्यांच्या रूपात खान्यांत साठवतो; त्यातल्या सीव्ही २९ या खान्यात दिशा उलटवण्यासाठी १ मिळवायचा असतो. आत ६ होता, म्हणजे ७ लिहायला हवा होता. मी नुसता १ लिहिला. मग प्लग सरळ केल्यावर दिवा लागला खरा, पण थ्रॉटलचा, म्हणजे वेग ठरवणाऱ्या नियंत्रकाचा, नॉब फिरवताना वेगाच्या एका टप्प्याला पेटे, पुढच्याला विझे, त्यापुढच्याला पुन्हा पेटे. लूज कनेक्शन समजून मी दोन सांधे पुन्हा डाग दिले. ते सांधे चांगलेच होते.

हा लपंडाव आदेशातल्या एका बिटचा, म्हणजे ० किंवा १ अशा एका खुणेचा आहे. रुळांवरून वीज आणि आदेश एकत्रच जातात: विजेची प्रत्येक दिशा ५८ मायक्रोसेकंद टिकली तर तो बिट १, निदान १०० मायक्रोसेकंद टिकली तर ०. वेगाच्या आदेशात एक बिट असा आहे की त्याचा अर्थ डीकोडरच्या समजुतीवर ठरतो. १४ टप्प्यांच्या जुन्या पद्धतीत तो हेडलाइटचा, २८ टप्प्यांच्या पद्धतीत तोच वेगाचा अर्धा टप्पा. सीव्ही २९ मधल्या ६ मध्ये २ आणि ४ मिळालेले असतात. त्यातला २ म्हणजे '२८ टप्पे', आणि तोच मी पुसला होता. थ्रॉटल २८ टप्प्यांत वेग सांगत होता, डीकोडर त्यातला अर्धा टप्पा दिव्याचा हुकूम समजत होता. सीव्ही २९ मध्ये पुन्हा ६ लिहिला. दिशा सरळ झाली आणि दिवा स्थिर राहिला.

दिवा विझतच नसेल, तर बहुतेक बल्बचा एक पाय धातूच्या सांगाड्याला टेकलेला असतो. जुन्या इंजिनांत सांगाडा एका रुळाशी जोडलेला असे, त्यामुळे कळ बंद असली तरी बल्बला वीज मिळत राहते. तो पाय आधी मोकळा करा, कारण पांढरी वायर सांगाड्याला लागली तर डीकोडर जाऊ शकतो. बल्ब काढून एलईडी लावत असाल तर लांब पाय निळ्या वायरला, आणि मधे १ किलोओहमचा रोध (रेझिस्टर) हवाच. निळ्या वायरवर १४ व्होल्ट असतील आणि पांढरा एलईडी ३ घेत असेल, तर उरलेल्या ११ व्होल्टना ११ मिलिअँपिअर. तेवढ्यात केबिनची काचही उजळते. माझ्या इंजिनाला एवढा प्रकाश जास्त वाटला, म्हणून मी २.२ किलोओहमचा रोध लावला.